सलग हरताना डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं: पोकर खेळणाऱ्यांसाठी

हरून आला असाल तर आज रात्री काहीही ठरवू नका. खेळ सोडायचा का, उद्या दुप्पट पैसे घेऊन बसायचं का, आपल्याला मुळात खेळता येतं का, यातलं काहीच नाही. वहीत तीन गोष्टी लिहा: किती तास बसलात, किती गेले आणि शेवटच्या तासात डोकं कसं होतं. वही मिटा, पाणी प्या, झोपा. बाकीचं उद्या दुपारी, जेवण झाल्यावर.

मी पुण्याचा. महिन्या-दीड महिन्यातून एकदा गोव्याला जातो आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर बसतो. एका वर्षी चौदा रात्रींपैकी अकरा रात्री मी हरलो. पहाटे पणजीच्या धक्क्यावर उतरताना दर वेळी वाटायचं, आपल्याला साडेसाती लागली आहे. मी खुर्ची बदलली, शर्ट बदलला, एखाद्या डीलरच्या हातून पत्ते येत नाहीत म्हणून तो बदलेपर्यंत नुसता बसून राहिलो. यातल्या कशानेही फरक पडला नाही. फरक पडला तो एका वहीने आणि थोड्या गणिताने. ‘उद्या पत्ते येतीलच’ या आशेवरचा आत्मविश्वास पुढच्या हरलेल्या डावात संपतो. ‘माझा निर्णय बरोबर होता आणि तो मला कागदावर दाखवता येतो’ हा आत्मविश्वास मात्र टिकतो. खालचं सगळं तो मिळवण्यासाठी आहे.

त्याआधी एक गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्यात पोकरही आला. बुडालेले पैसे वसूल करायला कुठल्या तरी परदेशी ॲपवर जाऊ नका. तिथे जिंकलात तरी पैसे हातात पडतील याची हमी नाही आणि दाद मागायला जागा नाही. मी लिहितोय ते गोव्याच्या परवानाधारक कॅसिनोत समोरासमोर बसणाऱ्यांसाठी, आणि जिथे हा खेळ कायदेशीर आहे अशा देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

नशिबाचा वाटा केवढा असतो

समजा तुम्ही ५०-१०० ब्लाइंडच्या (डाव सुरू होताना दोघांनी लावायच्याच रकमा) टेबलवर होल्डेम (दोन पत्ते हातात, पाच सगळ्यांसाठी उघडे) खेळता आणि खरोखर चांगलं खेळता. रेक, म्हणजे कॅसिनोचा हिस्सा, जाऊन दर शंभर डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड, म्हणजे ५०० रुपये तुमच्या बाजूला पडतात. या खेळात शंभर डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, साधारण ८० ते १०० मोठे ब्लाइंड असतं. आपण ९० धरू. डीलर तासाला २५ ते ३० डाव वाटतो. आठ तास बसलात तर झाले सुमारे २२५ डाव.

त्या रात्रीत तुमच्या कौशल्याची सरासरी कमाई निघते ११२५ रुपये. आणि नशिबाचा हेलकावा निघतो साडेतेरा हजार रुपयांचा, वर किंवा खाली. म्हणजे एका रात्रीत नशीब कौशल्याच्या बारापट मोठं असतं. हा आकडा मी पहिल्यांदा स्वतः मांडला तेव्हा बराच वेळ कागदाकडे बघत बसलो होतो. या हिशेबाने चांगल्या खेळाडूच्याही शंभरातल्या ४७ रात्री तोट्यात जातात. असे दहा हजार डाव झाले, म्हणजे साधारण ४४ रात्री, तरी एकूण हिशेब तोट्यात असण्याची शक्यता जवळपास २९ टक्के उरते. वर्षाला पंधरा-वीस रात्री बसणाऱ्याला ४४ रात्री म्हणजे अडीच वर्षं. अडीच वर्षं बरोबर खेळूनही तोट्यात राहणारा माणूस मुळीच दुर्मिळ नाही.

‘पत्तेच येत नाहीत’ ही तक्रारही याच तराजूत घाला. हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, म्हणजे रात्रीतून साधारण एकदा. आणि तीनांतल्या एका रात्री ती एकदाही येत नाही. हातात कुठलीही जोडी असताना फ्लॉपवर, म्हणजे टेबलवर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, जोडीचं तिसरं पान लागणं हे साडेआठांत एकदा. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध सगळे पैसे लावून बसली तर ८२ टक्के वेळा जिंकते. पण असे पाच प्रसंग आले, तर त्यांतले दोन किंवा जास्त हरण्याची शक्यता २२ टक्के आहे. आपल्या आठवणीत फक्त ते दोन राहतात.

टूर्नामेंट खेळणाऱ्यांचं तर याहून कठीण. २०२३ मध्ये लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ जण उतरले आणि बक्षीस मिळालं १,५०७ जणांना. बाकीचे साडेआठ हजार रिकाम्या हाताने गेले, आणि त्यांत जगातले उत्तम खेळाडू होते. तुम्ही दर शंभरात पंधरा स्पर्धांत बक्षिसापर्यंत पोहोचत असाल, तरी शंभर स्पर्धांच्या प्रवासात कुठे ना कुठे सलग वीस कोऱ्या जाण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे.

आता याची दुसरी बाजू, आणि ती टाळून चालणार नाही. हेच गणित तुम्हाला ‘मी चांगला आहे, फक्त नशीब वाईट’ असंही म्हणू देत नाही. चौदा रात्रींवरून मी वाईट खेळाडू ठरत नाही तसा चांगलाही ठरत नाही. रकमेचा आकडा या बाबतीत मुका आहे. बोलतात ते एकेक निर्णय, म्हणून वही.

वही कशी ठेवायची

ज्या डावात तीस ब्लाइंडांहून जास्त गेले किंवा आले, तो डाव टेबलवरच फोनमध्ये चार ओळींत टिपा: पत्ते, जागा, कोणी किती लावले, समोरच्याकडे किती उरले होते. दुसऱ्या दिवशी वहीत उतरवताना निर्णयाच्या क्षणापाशी थांबा. समोरच्याने शेवटी काय दाखवलं ते अजून लिहू नका. ही एक शिस्त पाळली नाहीत तर बाकी सगळी मेहनत वाया, कारण निकाल एकदा समोर आला की मन त्याच्याच बाजूने युक्तिवाद करतं.

मग स्वतःला विचारा: हा माणूस असा कुठल्या कुठल्या पत्त्यांवर खेळला असता? आणि मला हा कॉल, म्हणजे त्याच्याइतकेच पैसे घालणं, कितीला पडत होता?

माझ्या वहीतला एक डाव सांगतो. माझ्याकडे दोन काळे राजे, स्टॅक (पुढ्यातल्या चिपा) दहा हजार. पुढच्याने ४०० केले, मी १३०० केले, त्याने कॉल केला, ब्लाइंडवाल्या दोघांनी पत्ते टाकले. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, २७५०. फ्लॉप: बदाम दश्शी, बदाम सत्ती, किलवर दुर्री. मी १८०० लावले, त्याने सगळे ८७०० आत सारले. मला आणखी ६९०० घालायचे होते, एकूण पॉट होणार होता २०,१५०. म्हणजे ३४ टक्क्यांहून जास्त वेळा मी जिंकणार असेन तर कॉल बरोबर. तो माणूस राण्यांची जोडी, गुलामांची जोडी, बदामाचा ड्रॉ (पाच बदामं व्हायला एक कमी), हे सगळं असंच खेळतो. तीन दश्श्या किंवा तीन सत्त्यासुद्धा. या सगळ्यांसमोर माझ्या जिंकण्याची गोळाबेरीज ३४ च्या बरीच वर जाते. मी वहीत लिहिलं: बरोबर.

त्यानंतर निकाल लिहिला. त्याच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची राणी होती. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम पडलं आणि मी उठलो.

त्या रात्री मी हा डाव जेवताना दोघांना ‘केवढी बॅड बीट’ (पुढे असूनही नशिबाने हरणं) म्हणून सांगितला होता. दुसऱ्या दिवशी मोजलं: नऊ बदामं आणि तीन एक्के, अशी त्याला जिंकवणारी बारा पानं होती आणि दोन पानं यायची होती. माझी शक्यता होती साधारण ५५ टक्के. नाणेफेकीपेक्षा थोडीच बरी. मनात अन्याय म्हणून कोरलेली गोष्ट कागदावर आली आणि साधा हरलेला डाव निघाली. त्यातही त्याच्या त्याच पत्त्यांसमोर तो कॉल मला सरासरी चार हजारांहून जास्त मिळवून देणारा होता. हे दोन्ही एकाच वेळी कळणं, हाच मला धीर वाटतो. कोणी पाठ थोपटून दिलेला धीर सकाळपर्यंत टिकत नाही, हा टिकतो.

प्रत्येक डावापुढे एकच खूण करा: बरोबर, चूक किंवा माहीत नाही. ‘माहीत नाही’ला घाबरू नका, त्यावरच पुढच्या महिन्याचा अभ्यास करायचा असतो. आणि जिंकलेले डावही याच कठोरपणे तपासा. चुकीच्या कॉलवर रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पानाला, हवं ते लागून मिळालेले वीस हजार ‘चूक’ या खुणेखालीच गेले पाहिजेत. चांगल्या दिवसांत जो स्वतःला हे लावतो, त्याचाच वाईट दिवसांतल्या ‘बरोबर’वर विश्वास बसतो.

हरताना खेळ खरोखर कसा बिघडतो

सुरुवात बहुतेक वेळा नशिबाने होते. पण मालिका लांबते ती पुष्कळदा आपल्यामुळे. माझ्या वहीत चुकीचे ठरलेले बहुतेक निर्णय रात्री दोननंतरचे होते आणि आधीच मोठा तोटा झालेल्या रात्रींतले होते. पुढच्या खुणा स्वतःच्या खेळात शोधा.

रिव्हरवर ‘मला बघायचंच आहे’ म्हणून केलेला कॉल. हा सगळ्यात महाग. दिवसभर फसवलं गेल्यासारखं वाटत असतं म्हणून माणूस पैसे देऊन खात्री विकत घेतो, आणि समोरच्याकडे बहुधा तेच असतं जे त्याने सांगितलं होतं.

याच्या उलट दिसणारा आजार म्हणजे चांगल्या पत्त्यांवर चेक करत, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देत राहणं. पूर्वी जिथे तुम्ही तिसऱ्यांदाही पैसे लावले असते तिथे आता ‘नको, पुन्हा काहीतरी दाखवेल’ म्हणून थांबता. हा तोटा दिसत नाही, कारण पॉट जिंकलेलाच असतो. फक्त छोटा जिंकलेला असतो. हरत्या काळात घाबरट खेळाने गेलेले पैसे मोजायचे तर वहीत ‘इथे लावायला हवे होते’ असा वेगळा रकाना ठेवा. माझ्या बाबतीत तो रकाना कॉलच्या चुकांइतकाच मोठा निघाला आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

तिसरी खूण एकाच माणसामागे लागण्याची. त्याने तुमचा मोठा पॉट घेतला, आता त्याच्याच प्रत्येक डावात तुम्ही शिरता. चौथी म्हणजे ज्यांना आधी बोलावं लागतं त्या जागांवरून एक्का-सत्तीसारखे पत्ते खेळणं, केवळ तासभर काही खेळलो नाही म्हणून.

आणि तासांचा हिशेब. जिंकलेल्या रात्री सरासरी किती तास बसलात आणि हरलेल्या रात्री किती, हे दोन आकडे शेजारी लिहा. पुष्कळांचा दुसरा आकडा बराच मोठा निघतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की तोटा मनाला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो, आणि तोट्यात बसलेला माणूस तो भरून काढायला एरवी न घेतलेला धोका पत्करतो. म्हणजे ज्या रात्री तुम्ही सगळ्यात वाईट खेळता, त्याच रात्री सगळ्यात जास्त वेळ खेळता. हे एक बदललं तरी वर्षाचा हिशेब बदलतो.

टेबलवर असताना

टिल्ट, म्हणजे चिडून खेळ बिघडणं, हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. चिडून यंत्र हलवलं की ते ‘टिल्ट’ दाखवायचं आणि बंद पडायचं. माणूस असा बंद पडत नाही, म्हणून बंद करायची सोय आधी करून ठेवावी लागते.

माझी सोय अशी. दोन बाय-इन (टेबलवर बसताना घ्यायची रक्कम) गेले की उठायचं, मग टेबल कितीही सोपं असो. यामागे ‘पत्ते फिरतील’ असा विचार नाही. पिसलेल्या पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. १९१३ मध्ये मॉन्टे कार्लोच्या रुलेटवर सलग २६ वेळा काळा रंग आला आणि ‘आता तरी लाल’ म्हणणारे आणखी बुडत गेले, ही गोष्ट पोकरवाल्यांनीही ध्यानात ठेवावी. उठायचं ते आपल्या डोक्यासाठी. एटीएम कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवायचं. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये दारू असते, ती खेळताना घ्यायची नाही. हरताना तर थेंबही नाही.

मोठा डाव हरलात की पुढचे आठ-दहा डाव सोडून डेकवर जा. उभं राहून नदीकडे बघा, सावकाश श्वास घ्या. ब्लाइंड सोडावे लागले तर जाऊ द्या; दीडशे रुपयांत मिळणारी याहून चांगली वस्तू त्या जहाजावर नाही. परत बसल्यावर प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी मनात पॉटची रक्कम मोजा. ज्याला पॉट मोजता येत नाहीये, तो आत्ता खेळण्याच्या अवस्थेत नाही. जबडा आवळलेला असणं, चिपा जोरात टाकणं, डीलरशी तुटक बोलणं, ही शरीराची भाषा तुमच्याआधी शेजारच्याला कळते.

पैसे आणि पायरी

रोख टेबलसाठी किमान तीस-चाळीस बाय-इन वेगळे हवेत, टूर्नामेंटसाठी शंभराहून जास्त. दहा हजारांच्या बाय-इनला हे तीन-चार लाख होतात, आणि ते घरभाडं, फी, हप्ते, आईवडिलांच्या औषधांपासून पूर्ण वेगळे. इतके नसतील तर वर्षाची एक ठरावीक रक्कम बाजूला काढा, सहलीला काढतो तशी, आणि ती संपली की वर्ष संपलं. बाजूला ठेवलेल्यातला तिसरा हिस्सा गेला की एक पायरी खाली, म्हणजे लहान ब्लाइंडच्या टेबलवर, उतरा. उसने पैसे घेऊन कधीच बसू नका.

कर विसरू नका. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर ३० टक्के आयकर आहे, वर उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे वर्षअखेर एकूण तोट्यात असलात तरी जिंकलेल्या रकमेवर कर लागू शकतो. हा आकडा धरूनच वर्ष आखा.

कोणाशी बोलायचं

बॅड बीटच्या गोष्टी सांगणं बंद करा. ऐकणारा सहानुभूती देतो आणि तुम्ही तो डाव पुन्हा एकदा हरता. त्याऐवजी तुमच्यापेक्षा बरा खेळणारा एक मित्र गाठा आणि त्याला डाव निर्णयापर्यंतच सांगा: ‘इथे तू काय करशील?’ त्याचं उत्तर आल्याशिवाय शेवट सांगायचा नाही.

आणि घरी आकडा सांगा, खरा आकडा. मी अकरावी रात्र हरल्यावर बायकोला वही दाखवली. ती रागावली, रक्कम दोनदा वाचली आणि विचारलं, ‘घरातलं काही गेलंय का?’ गेलं नव्हतं. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून वर्षाची मर्यादा ठरवली. लपवलेल्या तोट्याचं ओझं टेबलवर तुमच्या शेजारी येऊन बसतं, आणि त्या ओझ्यासकट कोणी नीट खेळू शकत नाही.

जेव्हा ही वाईट मालिका नसते

तोटा घरी लपवला जातोय, कर्ज काढलंय, थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, खेळलं नाही की चिडचिड होते, गेलेले वसूल करायलाच पुढची खेप ठरते. यांतलं काही ओळखीचं वाटलं, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. सकारात्मक राहण्याचा सल्ला तिथे घातक आहे. जुगाराचं व्यसन हा वैद्यकीय निदान होणारा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता लगेच लावा, आणि घरातल्या एका माणसाला उठवा.

वही चार-सहा महिने प्रामाणिकपणे ठेवून ‘चूक’च्याच खुणा जास्त निघाल्या, तर तेही मान्य करा. खेळ शिकता येतो. तोपर्यंत मित्रांबरोबर बिनपैशाचा डाव मांडायला काय हरकत आहे?

परत बसताना

किमान दोन आठवडे मध्ये जाऊ द्या. त्या काळात वहीतल्या ‘माहीत नाही’ डावांपैकी दहा डाव पूर्ण सोडवा. पहिल्या रात्री नेहमीपेक्षा लहान ब्लाइंडवर बसा आणि चार तासांचा गजर लावा. गजर वाजला की जिंकत असाल तरी उठा, हरत असाल तरी उठा. त्या रात्रीचं उद्दिष्ट रुपयांत लिहू नका. असं लिहा: रिव्हरवर एकही ‘बघायचंच’ म्हणून कॉल नाही, चांगल्या पत्त्यांवर तिसऱ्यांदा पैसे लावायचे, प्रत्येक मोठ्या पॉटची रक्कम मोजायची.

मी तसा परत बसलो त्या रात्री चार हजार हरलो. सकाळी वहीत सहा डाव उतरवले: पाच ‘बरोबर’, एक ‘माहीत नाही’. वहीत मी तेव्हापासून रकमेचा रकाना पहिल्या जागेवरून काढून शेवटी टाकला आहे. आधी डाव, मग खूण, मग तास, आणि पान उलटायच्या आधी सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत, किती गेले किंवा किती आले.